वेक म्हणजे जागृती

शाळेतली पोरं इंग्रजीच्या बाईंना 'नाकमुरडी' म्हणत, आणि या एका बाबतीत पोरांची नजर चुकलेली नव्हती. बाईंचं नाक कशालाही मुरडायचं. फळा पुसायच्या ओल्या फडक्याच्या वासाला मुरडायचं, चहाचा चमचा चाटून परत साखरेत घालणाऱ्या चित्रकलेच्या सरांना मुरडायचं, 'माय फादर इज हॅविंग टू ब्रदर्स' या वाक्यालाही मुरडायचं. ज्या वहीत डिंकाचे वाळलेले पोपडे असतील ती वही त्या दोन बोटांच्या चिमटीत उचलायच्या आणि टेबलाच्या अगदी कडेला ठेवायच्या. गणिताचे सर एकदा म्हणाले, "बाई, तुम्हाला सगळ्याचीच किळस येते, मग तुम्ही जेवता कशा?"

"तुमच्याकडे पाठ करून," बाई म्हणाल्या.

सगळ्यात जास्त शिसारी त्यांना यायची ती तयार उत्तरांची. तीस पोरांचे पेपर आणि तिसांत एकच वाक्य, 'कवीने अत्यंत सुंदर शब्दांत मानवी भावनांचे चित्रण केले आहे.' कविता गाढवावर असो, विहिरीवर असो, कवी आपला सुंदर शब्दांत चित्रण करून मोकळा. हे वाक्य दिसलं की बाई लाल पेन खाली ठेवायच्या. दुसऱ्याने चावून टाकलेला घास पोरांनी मुकाट्याने तोंडात घेतलाय असं त्यांना वाटायचं आणि त्या तसं वर्गात बोलूनही दाखवायच्या. पोरं हसायची आणि पुढच्या परीक्षेत तेच लिहायची.

बाईंच्या घरी त्या आणि त्यांची भाची, अशा दोघीच. धाकट्या बहिणीने दुसरं लग्न केलं, नवऱ्याबरोबर परदेशी गेली आणि मुलीला 'थोडे दिवस' म्हणून बाईंकडे ठेवलं. त्या थोड्या दिवसांत मुलगी फ्रॉकमधून ओढणीत आली. पोरगी कामाला वाघ, हिशेबात पक्की, विज्ञानात तर हुशारच, पण इंग्रजीच्या पेपरात दोनदा आपटली होती. रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायचं शिकवणाऱ्या एका कॉलेजात तिची जागा नक्की झाली होती. कॉलेजवाल्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, या खेपेला इंग्रजी सुटलं तर या, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. इंग्रजीच्या बाईंची भाची इंग्रजीत नापास, यावर शिक्षकांच्या खोलीत काय काय बोललं जात असेल याची बाईंना पूर्ण कल्पना होती. पण जिवाला घोर लागला होता तो त्या जागेचा.

पोरीची अडचण एकच होती. तिला कळल्याशिवाय पाठ होत नसे, आणि कळलं तरी पाठ करायची लाज वाटे. हे खूळ तिच्या डोक्यात भरवलं होतं मावशीनेच.

त्या वर्षी अभ्यासाला बोटीची एक कविता होती. धक्क्यावर एक लहान मुलगा उभा आहे, आई बोटीतून चाललीय, बोट दिसेनाशी होते आणि शेवटच्या ओळीत मुलगा म्हणतो की तिने माझ्यासाठी पाण्यावर फक्त तिचा 'वेक' ठेवला. बस्स, एवढीच कविता. परीक्षेत शेवटच्या ओळीवर दहा गुणांचा प्रश्न येणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"वेक म्हणजे जागं होणं ना?" भाचीने विचारलं होतं. रविवारची सकाळ होती, ती मोरीत कपडे भिजवत बसली होती. "वेक अप म्हणतात तो."

"तो नव्हे. इकडे बघ," असं म्हणत बाईंनी पदर खोचला, साबणाची रिकामी डबी घेतली आणि टबातल्या पाण्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकाला ओढत नेली. डबीच्या मागे पाणी दुभंगलं, दोन्ही बाजूंना वळ्या गेल्या, मधे फेसाचा एक पट्टा राहिला आणि हळूहळू विरला. "हा बघ वेक. याला आपल्याकडे चटकन एक शब्द नाही."

पोरीने डबी घेतली, स्वतः ओढून पाहिली. मग पुन्हा. मग टबावर वाकून फेस विरेपर्यंत बघत बसली. "म्हणजे बोट गेल्यावरसुद्धा पाणी थोडा वेळ तिचंच राहतं," ती म्हणाली.

"हं."

"आणि मग नुसतं पाणी." तिने उशीचा अभ्रा उचलून पिळायला घेतला. "आईचे फोन तसेच होते बघ. आधी रोज. मग रविवारी. मग..." अभ्रा करकचून पिळून तिने बादलीत टाकला. "मावशी, हे लिहिलं तर चालेल?"

"हेच लिही," बाई म्हणाल्या. त्या उठून आत गेल्या आणि उगीचच कपाट आवरत बसल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी त्यांना कवितेबद्दल असं काही म्हटलं नव्हतं. पोरगी या वेळी पास होणार, असं त्यांच्या मनाने घेतलं.

ही डबीची युक्ती बाईंची स्वतःची नव्हती. कॉलेजात असताना त्यांना एक सर होते. मुलं त्यांना 'खिडकीसर' म्हणत, कारण शिकवता शिकवता ते खिडकीशी जाऊन उभे राहत आणि बाहेर बघत बोलत. पुस्तक टेबलावर उपडं पडलेलं असे. हीच कविता शिकवताना त्यांनी एक थाळाभर पाणी मागवलं होतं आणि खडूच्या पेटीचं झाकण त्यावरून ओढलं होतं. बाई शिक्षिका झाल्या त्या त्या थाळ्यामुळे. हे त्यांनी सरांना कधी सांगितलं नव्हतं, पण त्यांच्यापुरतं ते ठरलेलं होतं.

आणि मग शाळेत पेटी आली.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंनी, इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करून घेण्यासाठी 'वर्गसाधनांचा संपूर्ण संच' मागवला होता. जाड पुठ्ठ्याची चकचकीत पेटी, वर 'यशाची गुरुकिल्ली' अशी सोनेरी अक्षरं आणि त्याखाली हाताची घडी घालून हसणारे खिडकीसर. केस काळे केलेले. बाई त्या फोटोकडे बघतच राहिल्या. सरांनी नोकरी सोडून असला काही उद्योग काढल्याचं उडत उडत कानावर आलं होतं, पण तो इतका चकचकीत असेल असं वाटलं नव्हतं.

पेटी उघडल्याबरोबर प्लास्टिकचा गरम, गोडसर वास आला. आत भिंतीवर लावायचे तक्ते होते, पाठ करायची गाणी होती आणि रंगीत कार्डांचे गठ्ठे होते. पिवळ्या कार्डावर उत्तराची सुरुवात, हिरव्यावर अलंकार, लालवर शेवट. पोरांनी एकेक कार्ड उचलायचं, ओळीने मांडायचं, उत्तर तयार. निळी कार्डं कसली म्हणून बाईंनी गठ्ठ्याचं रबर काढलं. त्यावर मथळा होता, 'स्वतःचे मत'. बारा कार्डं, बारा स्वतःची मतं. 'मला वैयक्तिकरीत्या असे वाटते की आई ही त्यागाची मूर्ती आहे.' हे वैयक्तिकरीत्या वाटणं सगळ्या राज्याला एकदम पुरवायची सोय होती. बाईंनी हात पदराला पुसले.

बोटीच्या कवितेचा तक्ता सगळ्यात खाली होता. वर बोटीचं चित्र, आणि चित्राच्या मागे उगवता सूर्य, जो कवितेत औषधालाही नव्हता. खाली ठळक अक्षरांत शब्दार्थ. 'वेक म्हणजे जागृती.' आणि मग जागृतीचे पाच मुद्दे.

बाई आधी हसल्या. कुणीतरी शिकाऊ पोराने शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला असणार आणि सरांच्या नजरेतून सुटलं असणार, असं त्यांना वाटलं. तक्ता गुंडाळून त्या मोठ्या बाईंकडे गेल्या. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि फाइलवरची नजर न उचलता म्हणाल्या, "आधी निकाल लावू या, बाई. अर्थ नंतर लावू."

"पण हे साफ चुकीचं आहे."

"ज्यांनी लिहिलंय त्यांना विचारा. ते तपासणीच्या समितीवर आहेत, आपण नाही."

हे बाईंना नवीन होतं. पेपर तपासणाऱ्यांना नमुना उत्तरं पाठवतात, ती ठरवणारी ही समिती. तिच्यावरच सर बसले असतील, तर तक्त्यावरची चूक तपासनीसाच्या हातातही जाणार होती. आणि तपासनीसाच्या हातात उद्या भाचीचा पेपर असणार होता. त्या त्याच संध्याकाळी सरांकडे गेल्या.

सरांचं ऑफिस एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर होतं. दारातच लॅमिनेशनची यंत्रं गरम होऊन बसलेली, तीनचार बायका कार्डं कापून गठ्ठ्यांना रबरं लावतायत. खिडकी होती, पण तिच्यापुढे छतापर्यंत पेट्या रचल्या होत्या. सरांनी बाईंना लगेच ओळखलं. "अगं, तू! ये, ये. बस." समोरच्या खुर्चीवरचे तक्ते त्यांनी खाली ढकलले. पेपरमिंटची गोळी चघळत, अंगठा जिभेला लावत ते कार्डं मोजत होते. थुंकी लागलेलं एक कार्ड त्यांनी बाईंपुढे सरकवलं. "बघ, नवीन काढलीयत. कशी वाटतात?"

बाईंनी कार्डाला हात लावला नाही. "सर, एक चूक राहिलीय. बोटीच्या कवितेत 'वेक'ला जागृती छापलंय."

"छापलंय म्हणजे? मीच लिहिलंय."

"तुम्ही?" बाईंना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "सर, तुम्ही आम्हाला पाण्याचा थाळा आणून दाखवला होता. खडूच्या पेटीचं झाकण..."

"आठवतंय की." सर हसले. "काय दिवस होते! आणि त्या वर्षी आपल्या वर्गाचा निकाल काय लागला होता, तेही आठवतंय का? निम्मे आपटले. खूप समजलं होतं सगळ्यांना, लिहिता काही आलं नाही." त्यांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "मला सांग, फेसाचे मुद्दे किती निघतात? बोट गेली, फेस राहिला, फेस गेला. संपलं. अक्षर चांगलं असेल तर दीड गुण. दहा गुणांचा प्रश्न आहे. पोरं उरलेल्या पानावर काय नाचणार? आता जागृतीचे बघ." आणि त्यांनी त्या ओल्या अंगठ्याने बोटं मोजायला घेतली. "आईची जागृती. मुलाची जागृती. स्त्रीजातीची जागृती. समाजाची. निसर्गाची. पाच मुद्दे, दोन दोन गुण. कसं सुटसुटीत आहे!"

"पण खोटं आहे, सर."

"परीक्षेत खोटं काही नसतं गं. एक अपेक्षित असतं, एक अनपेक्षित."

चूक असती तर बाईंनी पोटात घातली असती. म्हातारपणी विसर पडला, कामाच्या घाईत नजर चुकली, असं काही म्हणून त्या हसत परत गेल्या असत्या. इथे तर माणसाला सगळं लख्ख माहीत होतं आणि माहीत असूनच त्याने ते बुडवलं होतं. "आणि एखाद्या मुलीने बरोबर अर्थ लिहिला तर?" त्यांनी विचारलं. आवाज फाटला तो त्यांचा त्यांनाच ऐकू आला.

"तपासनीस काय कविता वाचायला बसतो होय? त्याच्याकडे पाच मुद्दे असतात, ते तो शोधतो. सापडले नाहीत की शून्य, पुढचा पेपर." सरांनी बाईंकडे जरा निरखून पाहिलं. "कोण आहे? तुझ्याकडची कुणी परीक्षेला बसलीय?"

बाई खुर्चीवरून उठल्या.

"मग तिला सांग की जागृती म्हणून. एवढा काय विचार करायचा! आणि हे बघ, तू हुशार होतीस. सुट्टीत मोकळी असशील तर इकडे ये. 'स्वतःचे मत' फार खपतं, आणि मला आता नवीन मतं सुचत नाहीत. दहावीस लिहून दे."

जिन्यावर बाईंनी कठड्यालाही हात लावला नाही. घरी येऊन त्यांनी साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले, आणि तरी तो पेपरमिंटचा वास नाकात बसून राहिला.

भाचीने त्या दिवशी सराव म्हणून उत्तर लिहून ठेवलं होतं. मोडकंतोडकं इंग्रजी, पण एक वाक्यसुद्धा उसनं नाही. शेवटी तिने लिहिलं होतं की मुलगा पाण्याकडे बघत उभा राहतो, कारण पाणी स्थिर झालं की आई खरोखर गेली असं होईल. बाईंनी लाल पेनाने व्याकरण सुधारलं आणि कागद परत दिला.

"किती देशील?" भाचीने विचारलं.

"मी दिले असते दहा," बाई म्हणाल्या. 'असते' हा शब्द भाचीच्या लक्षात आला नाही.

परीक्षेपर्यंत बाई ते गिळून बसल्या. रोज वाटायचं आज सांगावं, रोज त्या ते उद्यावर ढकलायच्या. इतकी वर्षं तयार उत्तरांवर नाक मुरडायचं आणि आता घरातल्या पोरीच्या तोंडात तोच चावलेला घास कोंबायचा? नाही सांगायचं, म्हणून त्या ठरवत. मग प्रयोगशाळेचा पांढरा डगला घातलेली पोरगी डोळ्यांपुढे येई. नापास झाली तर? त्या डगल्याऐवजी एखाद्या दुकानात पावत्या फाडत आयुष्य काढेल, आणि ते कशापायी? मावशीचं नाक ताठ राहावं म्हणून? शाळेत त्यांनी जागृतीचा तक्ता भिंतीवर लावला नाही. मोठ्या बाईंनी शिपायाकडून लावून घेतला. बाई त्याच्याकडे पाठ करून शिकवत राहिल्या आणि पोरं त्यांच्या डोक्यावरून तक्त्यातलं उतरवून घेत राहिली.

पेपरच्या दिवशी सकाळी त्या भाचीला पोचवायला परीक्षा केंद्राच्या फाटकापर्यंत गेल्या. तिथे ही गर्दी. प्रत्येक पोरापुढे कुणी ना कुणी उभं, आणि प्रत्येकाचं तोंड चाललेलं. "शेवट लाल कार्डाचा करायचा हं." "स्वतःचं मत विसरू नकोस, तिसरं वालं." भाचीने ते ऐकून मावशीकडे पाहिलं आणि दोघी नेहमीसारख्या एकदमच नाक मुरडून हसल्या. घंटा झाली. भाची वळली.

"थांब," बाई म्हणाल्या. "वेकचा प्रश्न आला तर जागृती लिही."

"काय?"

"जागृती. पाच मुद्दे आहेत. आईची, मुलाची, स्त्रीजातीची, समाजाची, निसर्गाची." हे सगळं त्यांच्या तोंडून धडाधड बाहेर पडलं. आपल्याला ते इतकं पाठ आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि स्वतःच्या जिभेचीच किळस आली. "फेस लिहू नकोस. फेसाला गुण नाहीत."

"पण मावशी, ते तर..."

"मला माहीत आहे काय ते. तू जागृती लिही."

भाची मावशीकडे बघत राहिली. आधी तिला थट्टा वाटली असावी. ती नाही हे कळल्यावर तिच्या नाकपुड्या आक्रसल्या, वरचा ओठ एका बाजूला किंचित उचलला गेला. बाई ते तोंड ओळखत होत्या. आजवर ते त्यांनी आरशातच पाहिलं होतं. पोरगी तशीच आत गेली.

निकाल लागला. भाची काठावर पास झाली होती, पण झाली होती. दहातले किती मिळाले ते वेगळं कळायची सोय नव्हती. कॉलेजची जागा पक्की झाली. मोठ्या बाईंनी बाईंचा हात हातात घेऊन दाबला आणि म्हणाल्या, "बघा, शेवटी साधनं कामी येतात." भाचीच्या आईकडून फोनवर गुलाबाच्या फुलांचं एक चित्र आलं, त्यावर छापील अक्षरांत अभिनंदन. भाचीने ते मावशीला दाखवलं आणि फोन उलटा करून ठेवला.

निकाल लागल्यापासून बाईंना एकच विचारायचं होतं. शेवटी रविवारी, मोरीच्या दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "पेपरात काय लिहिलं होतंस गं?"

भाची कपडे भिजवत बसली होती. "तू सांगितलंस तेच," ती म्हणाली. "पाचही मुद्दे. वर निळं कार्डही टाकलं. मला वैयक्तिकरीत्या असं वाटतं की आई ही त्यागाची मूर्ती आहे."

"कुठून मिळालं ते कार्ड?"

"बाहेर रांगेत सगळ्यांना पाठ होतं. ऐकून ऐकून झालं."

भाचीने साबणाची डबी उचलली, टबाच्या एका टोकाला पाण्यावर ठेवली आणि दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश ओढत नेली. मागे पाणी दुभंगलं, फेसाचा पट्टा उठला. ती वाकली नाही, तो विरेपर्यंत थांबलीही नाही.

"बघ, मावशी," ती नाक मुरडून म्हणाली, "जागृती." आणि तिने टब उपडा केला.